मदत हवी आहे: डीएमडी पेशंटसाठी घरी कफ असिस्ट मशीन, कुणी वापरलंय का?

नमस्कार मंडळी,

माझ्या धाकट्या भावाला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी, म्हणजे डीएमडी आहे (स्नायू हळूहळू कमजोर होत जाणारा आजार). वय २३, व्हीलचेअरवर असतो. आम्ही मिरजेत राहतो. रात्री बायपॅप (मास्कमधून दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणारं मशीन) लावतो आणि त्याने खूप फरक पडलाय. आधी तो सकाळी डोकं धरून उठायचा, दिवसभर पेंगायचा. एका ठिकाणी नुसता ऑक्सिजन देऊन घरी पाठवलं होतं. बोटावरच्या मशीनवर ऑक्सिजन ९७ दिसायचा, आम्ही निर्धास्त. पुढे छातीच्या डॉक्टरांनी धमनीतलं रक्त तपासलं तेव्हा कार्बन डायऑक्साइड बराच साठलेला निघाला. घरी असा पेशंट असेल तर हे लक्षात ठेवाच: या आजारात श्वास ओढणारे स्नायूच थकतात. नुसत्या ऑक्सिजनने आकडा सुधारतो, पण आतला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत नाही.

आताची अडचण खोकल्याची आहे. साधी सर्दी झाली तरी कफ घशाशी येऊन अडकतो. घुरघुर ऐकू येते, तो डोळ्यांनी खुणावतो, पण वर काही येत नाही. मग अंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायची पिशवी) दोन-तीन श्वास एकावर एक भरायचे, आणि आई बरगड्यांखाली दोन्ही तळवे ठेवून "एक, दोन, खोक" म्हणत दाबते. फिजिओथेरपिस्टने शिकवलंय, कफ निघतोही. पण रात्री-अपरात्री हे करून तिची मनगटं दुखायला लागली आहेत. त्याच्या खोकल्याचा जोर मिनिटाला १८० लिटर भरला. २७० च्या खाली मदत लागते आणि १६० च्या खाली कफ निघणंच मुश्कील, असं डॉक्टर म्हणाले.

म्हणून त्यांनी कफ असिस्ट सुचवलंय. मास्कमधून हवा दाबाने भरायची आणि लगेच उलटी खेचून घ्यायची, दाब साधारण अधिक ४० ते उणे ४० सेंटिमीटर पाणी. काही मशीन पेशंटचा श्वास स्वतः ओळखून त्याच्या तालावर सुरू होतात. श्वास इतका क्षीण असताना ते ओळखतं का, की हातानेच चालवलेलं बरं? सुरुवातीला दाब किती ठेवला होता? सांगली-कोल्हापूर भागात भाड्याने कोण देतं? नवीन घेणं आम्हाला झेपणारं नाही. वापरलेलं घेतलं तर काय तपासायचं? आणि लाइट गेली की इन्व्हर्टरवर बायपॅप आणि हे दोन्ही चालतं का?

आणखी एक. ग्रुपवर 'रोबोटिक डायफ्रॅम'चा व्हिडिओ आल्यापासून भाऊ रोज त्याबद्दल विचारतो. मी शोधून वाचलं. एमआयटीतल्या एलन रोश यांच्या गटाचं २०२२ मधलं काम आहे. हवेने फुगणारे मऊ कृत्रिम स्नायू श्वासपटलावर, म्हणजे डायफ्रॅमवर बसवतात, बाहेरचा पंप ते फुगवतो आणि पटल खाली ढकललं जातं. प्रयोग डुकरांवर झालाय. त्याला मी हे जसंच्या तसं सांगितलं, तरी आशा सुटत नाही, आणि ती सुटावी असं मलाही वाटत नाही. माणसांवर चाचणी सुरू झाल्याचं कुणाला खात्रीने माहीत असेल तर जरूर लिहा.

वाफ, काढा, हळदीचं दूध सगळं चालू आहे, त्यामुळे घरगुती उपाय नकोत. ज्यांनी मशीन प्रत्यक्ष हाताळलंय त्यांचा अनुभव हवा आहे. पाऊस सुरू व्हायच्या आत ते घरात आलं पाहिजे.