झोजिलाच्या बोगद्याचं लायनिंग जाड करून काय होणार?

ठाण्याचा_भूगर्भ

वागळे इस्टेटमधल्या एका सिव्हिलवाल्या मित्राशी सुरू झालेला वाद अर्धवट राहिलाय, तो इथे पुढे नेतो. थंड प्रदेशात जमीन गोठून फुगते आणि बोगद्याचं लायनिंग, म्हणजे आतलं काँक्रीटचं अस्तर, तडकतं, रस्ता किंवा रूळ उचलले जातात. त्यावर उपाय काय? मित्राचं मत एकदम सरळ: काश्मीर-लडाख रस्त्यावरच्या झोजिलासारख्या ठिकाणी काँक्रीट दीडपट जाड घाला, स्टील वाढवा, विषय संपला. मी म्हणतो, हा पैसा पाण्यात, आणि तेही गोठणाऱ्या पाण्यात.

पाणी गोठताना ९ टक्के फुगतं म्हणून जमीन फुगते, असं शाळेपासून डोक्यात बसलंय. जरा हिशोब करा. मातीत ४० टक्के पोकळी, ती सगळी पाण्याने भरलेली, आणि जमीन मीटरभर खोल गोठली. तर ती साडेतीन सेंटीमीटर वर यायला हवी. थंड देशांतले रस्ते प्रत्यक्षात वीतभरही उचलले जातात. जास्तीचं पाणी येतं खालून. जिथे गोठण चालू असते तिथे माती खालचं न गोठलेलं पाणी स्वतःकडे ओढत राहते आणि बर्फाचे भिंगासारखे थर जाड होत जातात. स्टीफन टेबर या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १९३०च्या सुमारास मातीत पाण्याऐवजी बेंझीन घालून बघितलं. बेंझीन गोठताना आकसतं, तरी माती उचललीच गेली!

आणि बर्फाला वाढायला जागा दिली नाही, तर शून्याखालच्या दर अंशाला चौरस सेंटीमीटरवर सुमारे ११ किलो एवढा दाब तो देऊ शकतो. हा कागदावरचा कमाल आकडा, प्रत्यक्षात कमीच येतो. पण लायनिंग जितकं ताठ, तितका हा दाब अंगावर घेणार. म्हणून म्हणतो, पाणी तोडा, नाली काढून बाहेर न्या. पाणी नाही तर फुगवटा नाही.

खारघरचा_काँक्रीटवाला

साहेब, छान लिहिलंत, पण हे सगळं मातीचं झालं. बोगदा डोंगरात असतो. बर्फाचे थर वाढायला बारीक, गाळासारखी माती लागते. घट्ट खडकात तुमचं भिंग कुठे तयार होणार? तिथे लायनिंगच्या मागे राहिलेल्या पोकळ्यांत पाणी साचतं, ते कोंडल्या जागी गोठतं आणि काँक्रीटला आतल्या बाजूला ढकलतं. म्हणजे शाळेतलेच ९ टक्के.

दुसरं, पाणी तोडा म्हणणं सोपं आहे. सगळ्यात आधी गोठते ती नालीच. नाली बंद पडली की मागचं पाणी चढतं, सांध्यांतून झिरपतं, छताला बर्फाचे सुळे लटकतात आणि रस्त्यावर बर्फाची काच पसरते. म्हणजे जिच्यावर भरवसा टाकायचा, तीच ऐन थंडीत दगा देणार. जाड काँक्रीट निदान जागेवर उभं तरी राहतं.

ठाण्याचा_भूगर्भ

खडकाचा मुद्दा बरोबर, पण बोगद्यात सगळीकडे सारखी थंडी नसते. डोंगराच्या पोटात, डोक्यावर शेकडो मीटर खडक असताना, जमीन स्वतःच उबदार असते. गार वारा आत शिरतो तो तोंडापासून काही शे मीटर, कुठे जास्त. आणि हिमालयात तोंडाजवळच घसरून आलेला मलबा, झिजलेला खडक, गाळ सापडतो. म्हणजे जिथे थंडी पोचते, नेमकं तिथेच फुगणारं मटेरियल. भिंग तिथे तयार होतं.

नालीचं म्हणाल, तर ती भिंतीच्या कडेला उथळ घातली तर गोठणारच. ती बोगद्याच्या मधोमध, गोठण पोचते त्याच्याही खाली घ्यायची, आणि बाहेर पडायचं तोंड तेवढं झाकायचं.

तुर्भे_उणे_वीस

मी बोगदेवाला नाही, कोल्ड स्टोरेजमधला माणूस. पण जमीन फुगलेली मी इथे नवी मुंबईत बघितली आहे, झोजिलाला जायची गरज नाही पडली. खोली वर्षानुवर्षं उणे वीसला. फरशीखाली इन्सुलेशन होतं, खालची हीटिंगची वायर मात्र कधीतरी जळाली आणि कोणाच्या लक्षात आलं नाही. थंडी हळूहळू खाली उतरली. एक दिवस रॅक तिरके दिसायला लागले, फोर्कलिफ्टवाला म्हणाला फरशीला पोट आलंय. ते निस्तरायला माल हलवावा लागला, खोली बंद ठेवावी लागली, खर्च विचारू नका.

तेव्हा माझं मत दोघांच्याही विरोधात. इन्सुलेशन थंडी अडवत नाही, फक्त उशीर करतं. खालून थोडी ऊब दिल्याशिवाय उपाय नाही. आमच्याकडे एक तर हीटरची जाळी घालतात, नाही तर फरशीखालून पाइप टाकून बाहेरची हवा फिरवतात. आपल्या तुर्भ्याची हवा त्या कामाला फुकटचा हीटर आहे.

नेरूळची_मुग्धा

तुर्भेदादा, अनुभव मस्त सांगितलात, पण एक फरक आहे. तुमची खोली बाराही महिने उणे वीसला. बोगद्याबाहेर थंडी असते चार-पाच महिने, मग उन्हाळा येऊन जमीन पुन्हा गरम होते. तिथे उशीर करणं हेच तर काम आहे! थंडीची लाट मागच्या जमिनीत पोचायच्या आत वसंत आला, तर जिंकलात. त्यामुळे इन्सुलेशन तिथे पुरतं, जाडी नीट काढली तर.

छिंगहाई-तिबेट रेल्वेवर उलटाच प्रकार. फेंगहुओशान बोगदा ४९०० मीटरच्या वर, जमीन कायमची गोठलेली. तिथे लायनिंगच्या दोन थरांमध्ये इन्सुलेशन घातलंय ते गाडी आणि हवेची ऊब मागच्या बर्फापर्यंत पोचू नये म्हणून. बर्फ वितळला तर पाया जातो. वस्तू तीच, काम उलट.

नॉर्वेत तर बऱ्याच बोगद्यांत लायनिंगला पाण्याशी लढायलाच लावत नाहीत. खडक शॉटक्रीट (फवारून मारलेलं काँक्रीट) आणि बोल्टने धरायचा, आतून पॉलिइथिलीन फोमचं वेगळं छत टांगायचं. पाणी त्या छतामागून गोठल्याशिवाय खाली उतरतं.

खारघरचा_काँक्रीटवाला

मुग्धाताई, नॉर्वेचं नाव काढलंत म्हणून. पहिली गोष्ट, तो फोम पेटतो, त्यावर पुन्हा शॉटक्रीटचा थर द्यावाच लागतो. दुसरी, २५ डिसेंबर २००६ला हानेक्लेव्ह बोगद्यात छतासकट खडक खाली आला. नाताळची रात्र, नशिबाने कोणी सापडलं नाही. कारण खडकातल्या भेगांमधली फुगणारी चिकणमाती. आणि मागे काय चाललंय ते टांगलेल्या छतामुळे कोणाला दिसत नव्हतं. जे डोळ्याआड होतं, ते तपासणार कसं?

कळवेकर

लडाख नि नॉर्वे झालं असेल तर खाली बघा. १९१६चा पारसिक बोगदा पावसाळ्यात झिरपतोय, त्याची चर्चा कोण करणार? बर्फ ठाण्यात फक्त ज्यूस सेंटरवर.

नेरूळची_मुग्धा

कळवेकर 😄 पण खारघरकरांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या, तेवढं सांगते. हानेक्लेव्हचं फुगणं थंडीचं नाही. काही चिकणमाती पाणी पिऊन फुगते, तापमान काहीही असो. तिसरा प्रकार अॅनहायड्राइट या खनिजाचा: त्याला पाणी लागलं की जिप्सम होतं आणि आकारमान ६० टक्क्यांपर्यंत वाढतं. जर्मनीत श्टाउफेन गावात २००७मध्ये जमिनीतली उष्णता घ्यायला बोअर मारले, पाणी त्या थरात शिरलं आणि गावातल्या घरांच्या भिंती तडकल्या.

आणि हा चिकणमातीचा प्रकार आपल्यापासून लांब नाही. सह्याद्रीच्या बेसाल्टमध्ये लाव्हाच्या दोन थरांच्या मधे तांबडा थर असतो, बोल म्हणतात त्याला. हवा-पाणी लागलं की तो सुटायला लागतो, म्हणून खोदल्या खोदल्या शॉटक्रीट मारून झाकतात. ठाणे-बोरिवली बोगदा डोंगराखालून जाणार आहे. असा थर लागला, तर थंडी नसतानाही पाण्याचं भांडण आहेच.

खारघरचा_काँक्रीटवाला

मान्य, प्रकार वेगळे. माझा मुद्दा मात्र तिन्हींना लागू. खोल नाली, झाकलेलं तोंड, इन्सुलेशन, तुर्भेवाल्यांची वायर, या सगळ्याकडे दर वर्षी कोणीतरी बघावं लागतं. त्यांची वायर जळली तेव्हा कोणी बघितलं का? शहरात, रोज माणसं जा-ये करतात त्या खोलीत ही गत. काँक्रीटला पगार द्यावा लागत नाही.

ठाण्याचा_भूगर्भ

पगार तर द्यावाच लागतो. ३ ऑक्टोबर २०२०ला खुला झालेला अटल बोगदा घ्या, ९.०२ किलोमीटर, ३००० मीटरच्या वर. पंखे, कॅमेरे, आगीचे अलार्म चालवायला तिथे माणसं असतातच. त्यांच्याच कामात नालीच्या झाकणाखाली टाकलेला एक थर्मामीटर वाचणं बसवा. आकडा शून्याकडे सरकला की नाली गोठायच्या आधी कळेल. लायनिंग आतून तडकायला लागलं तर असा आकडा कोण देणार?

तुर्भे_उणे_वीस

थर्मामीटर आमच्याकडेही होता. फरशीच्या वर.

ठाण्याचा_भूगर्भ

मग टेंडरमध्येच लिहायचं, कुठे लावायचा ते. झाकणाखाली, पाण्याच्या पातळीला, तोंडापासून आत ठरावीक अंतरांवर. खारघरकर, तुमच्या जास्तीच्या काँक्रीटमधला थोडा पैसा एवढ्यासाठी द्याल का?

खारघरचा_काँक्रीटवाला

थर्मामीटरला देतो. फोमला नाही.