विंग चुन : नवख्याला आधी फॉर्म द्यावा की आधी ची साउ?

कोपरखळी
विंग चुन या चिनी मार्शल आर्टचा विषय निघाला की आपल्याकडे गप्पा ब्रूस ली आणि त्याचे विंग चुनचे गुरू इप मान यांच्यावरच्या सिनेमांपलीकडे जात नाहीत. नवखा माणूस तेच डोक्यात घेऊन क्लास लावतो. तिथे त्याला पायांची बोटं आत वळवून, गुडघे आत घेऊन एका जागी उभं करतात आणि एक हात मुंगीच्या पावलांनी पुढे न्यायला सांगतात. हा पहिला फॉर्म (एकट्याने करायचा हालचालींचा ठरलेला क्रम), सिउ निम ताउ. त्यात एकही पाऊल टाकायचं नसतं. वळणं आणि लाथा येतात दुसऱ्या फॉर्ममध्ये, म्हणजे चम किउमध्ये. तिथवर पोचेपर्यंत निम्मी बॅच गळालेली असते.

माझं मत असं की नवख्याला पहिल्या आठवड्यापासून समोरच्याच्या हाताला हात लावू द्यावा, म्हणजे ची साउ हा जोडीने हात चिकटवून करायचा सराव द्यावा.

एकहाती ची साउ घ्या. माझा हात तान साउमध्ये, तळवा वर, कोपर अंगापासून साधारण मुठीच्या अंतरावर. तुमचं मनगट माझ्या मनगटावर, तो फुक साउ. मी तळव्याने छातीकडे मारतो. तुम्ही झटक्यात खाली दाबून तो अडवता आणि तिथूनच ठोसा सोडता. मी कोपर उचलून बाँग साउने तो वळवतो. परत मूळ जागी. बस्स, एवढंच. पण थोडा वेळ केलं की लक्षात येतं, कोपर जरा बाहेर गेलं की समोरच्याचा हात आत घुसलाच. शरीराच्या मधल्या रेषेवर कितीही व्याख्यानं द्या, छातीवर थाप बसल्याशिवाय ती कळत नाही. आणि एकदा बसली की फॉर्ममध्ये हात इतका हळू का न्यायचा, असं कोणी विचारत नाही.

बोला.

जुनाखोड
साफ असहमत. पहिल्या आठवड्यात ची साउ दिलं की नवखा खांद्याने ढकलतो. समोरचाही नवखाच, तोही ढकलतो. दोघांना वाटतं आपणच जिंकतोय. ही सवय अंगात मुरली की काढता काढता नाकी नऊ येतात. फॉर्मचा पहिला भाग सावकाश आहे तो खांदा सैल ठेवून कोपराने हात पुढे नेता यावा म्हणून. फुक साउ तीनदा पुढे जातो, तीनदा मागे येतो. तेवढ्यात खांदा वर चढला की नाही ते मानेलाच कळतं, आरसा लागत नाही.

इप मान १९५० मध्ये हाँगकाँगच्या काउलूनला हॉटेल कामगारांच्या संघटनेच्या जागेत शिकवायला लागले. समोर दिवसभर राबून आलेली माणसं होती. त्यांनाही सिउ निम ताउ चुकला नाही. आपल्या एसीतल्या पोरांना कसला एवढा कंटाळा?

कोपरखळी
खांद्याने ढकलतात म्हणून हातच लावू द्यायचा नाही? मग सिफू, म्हणजे गुरू, कशाला असतात? ढकललं की थांबवायचं, दुरुस्त करायचं.

जॅब_क्रॉस
तुमचं चालू द्या, पण या सगळ्यात मारामारी कुठे आहे? बॉक्सिंगच्या क्लासला पहिल्या दिवशी पाय शिकवतात. इथे पाय जमिनीत रोवून ठेवायचे आणि भांडायचं कशावर, तर हात आधी हवेत फिरवायचा की दुसऱ्याच्या हातावर.

ची साउमध्ये दोघांचे हात आधीच एकमेकांना लागलेले असतात. मी जॅब (पुढच्या हाताचा झटपट ठोसा) मारून हात परत ओढला, तर चिकटणार कशाला? २०१८ मध्ये चीनचा एमएमए (मिश्र मार्शल आर्ट्स) फायटर शू श्याओदोंग विंग चुनवाल्या डिंग हाओशी लढला. व्हिडिओ बघा, डिंग पुन्हा पुन्हा खाली पडतोय. वर पंचांनी सामना बरोबरीत सोडवला, हा त्यातला विनोद. आणि ब्रूस ली म्हणाल, तर १९६४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला वाँग जॅक मान या कुंग फूवाल्याशी त्याची लढत झाली. जिंकलं कोण यावर आजही वाद आहे, पण त्यानंतर त्यालाच आपलं विंग चुन अपुरं वाटायला लागलं. १९६७ मध्ये त्याने स्वतःच्या पद्धतीला जीत कुन दो हे नाव दिलं आणि पुढे निघून गेला.

जुनाखोड
ब्रूस लीने १९५९ मध्ये, अठराव्या वर्षी हाँगकाँग सोडलं. तोवर त्याचं शिक्षण पुरं झालेलं नव्हतं. अर्धवट शिकलेल्याच्या तक्रारीवरून अख्ख्या विद्येला नावं ठेवणार? ज्याच्याकडे त्याचा बराच सराव झाला त्या वाँग शुन लेउंगचं नाव घ्या ना. हाँगकाँगच्या गच्च्यांवर आणि बंद खोल्यांत तो इतर शैलींच्या लोकांशी लढायचा. त्या लढतींना बेइमो म्हणत.

जॅब_क्रॉस
घेतो की! इप मानकडे येण्याआधी तो बॉक्सिंग शिकलेला होता, तेवढं सांगायचं राहिलं तुमचं. आणि तो तयार झाला कशाने? लढून. तुमच्या क्लासमध्ये आज कोण लढतं?

तांबडी_माती
कॉलेजात असेपर्यंत तालमीत होतो, म्हणून दोन शब्द. हात लागला की समोरच्याचं वजन कुठल्या पायावर आहे ते कळतं, यात चिनी जादू काही नाही. मानेवर हात टाकला की पैलवानाला तेच कळतं. डोळ्यांनी बघून हलायला माणसाला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो, स्पर्शाने हलायला त्याहून थोडा कमी. लांबून या फरकाला किंमत नाही, छातीला छाती भिडायच्या अंतरावर आहे. तेव्हा जॅब_क्रॉस, तुमचं "चिकटणार कशाला" अर्धंच खरं. क्लिंचमध्ये, म्हणजे एकमेकांना कवटाळता तेव्हा, तुम्हीही चिकटताच, रेफ्री येऊन सोडवतो म्हणून निभावतं.

पण ची साउवाल्यांशी माझं वेगळं भांडण आहे. कुस्तीत समोरचा खरा विरोध करतो. मी एका विंग चुनवाल्या मित्राबरोबर ची साउ करत होतो, हात छान फिरत होते. मी त्याचा दंड धरून त्याला खाली खेचलं, तर म्हणतो, "हे ची साउ नाही." अरे, मग कोणी तुला खेचलं तर त्यालाही हेच सांगणार का?

पावसाळी
मी मँचेस्टरला शिकते. आमच्याकडे जाहिरातच अशी होती, "एका स्त्रीने शोधलेली कला, ताकद लागत नाही." ते भिक्षुणी एंग मुईने कला शोधली आणि यिम विंग चुन या मुलीला शिकवली, हे प्रकरण. गोष्ट छान आहे, पण पुरावा नाही. जरा भरवशाने मागे जाता येतं ते एकोणिसाव्या शतकातल्या, दक्षिण चीनमधल्या फोशानच्या लेउंग जान या वैद्यापर्यंत. त्याचा शिष्य चान वा शुन, आणि त्याच्याकडे इप मान शिकले. ही कला ज्यांच्यात वाढली असं सांगतात त्या ऑपेरावाल्यांच्या (फिरत्या नाटक मंडळ्यांच्या) लाल बोटी खऱ्या होत्या. १८५४ च्या चिंग राजवटीविरुद्धच्या बंडात ते उतरले आणि त्यांच्यावर बंदी आली, हेही खरं. पण बोटीतल्या अरुंद जागेमुळे ही शैली अशी घडली, हे सांगोवांगी.

खरा राग आहे तो "ताकद लागत नाही" याचा. माझ्याहून भरपूर जड असलेल्या माणसाने सरळ ठोसा टाकला की माझा बाँग साउ माझ्याच नाकावर येऊन आदळतो. मी टाचांवर वळले, त्याचा जोर बाजूने जाऊ दिला, तरच तो हात टिकतो. म्हणजे जी हलक्या माणसाला सगळ्यात आधी हवी ती गोष्ट दुसऱ्या फॉर्मपर्यंत झाकून ठेवलेली! फॉर्म आधी की ची साउ आधी, याआधी मला वळणं शिकवा.

जुनाखोड
ताई, वळणं आम्ही सिउ निम ताउ चालू असतानाच सुटी करून घेतो. चम किउची वाट कोणीच बघत बसत नाही.

कोपरखळी
आता कसं! क्रम तुम्हीही मोडताच, फक्त पायांचा मोडता. मी हातांचा मोडायला सांगितला तर परंपरा बुडाली?

जुनाखोड
फरक आहे. वळताना समोर कोणी नसतं, त्यामुळे हरण्या-जिंकण्याचा प्रश्न नाही. हाताला हात लागला की अहंकार जागा होतो. नवख्याला तोच आवरत नाही. (जुन्यांनाही नाही, हा धागा बघा.)

तांबडी_माती
हे मात्र पटलं. तालमीत म्हणून आधी जोर-बैठका काढून दमवतात. दमलेला माणूस ढकलत नाही.

नवशिका_पुणे
पुढच्या महिन्यात क्लास लावतोय. इथलं वाचून गोंधळ वाढला. क्लास बघायला गेलो तर काय बघू?

जॅब_क्रॉस
जुन्या पोरांच्या बॅगेत माउथगार्ड आहे का बघा. नसेल तर फी वाचवा.

पावसाळी
जोडीदार बदलतात का ते बघा. एकाच जोडीदाराबरोबर केलेलं ची साउ म्हणजे पाठांतर. जुन्या विद्यार्थ्याला विनंती करा, तुमच्या हातावर हात ठेवायची. चांगला असेल तर सगळा वेळ तुमच्या छातीच्या दिशेने हलका दाब येत राहील, पण दंड कडक लागणार नाही. तुम्ही हात काढलात की त्याचा हात आपोआप पुढे येईल. ते एकदा अनुभवा, मग ठरवा.

जुनाखोड
वरच्याशी सहमत. सरावाचा लाकडी पुतळा कोपऱ्यात दिसला म्हणून हुरळून जाऊ नका, तो शोभेलाही ठेवतात. आणि वर्षाची फी एकदम मागितली तर उलट्या पावली परत या.

जॅब_क्रॉस, तुम्ही पुण्यातच ना? रविवारी सकाळी या आमच्याकडे. लढतं की नाही ते समोरच बघा.

जॅब_क्रॉस
पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. ग्लोव्हज घेऊन येतो.

जुनाखोड
हलके आणा, बोटं उघडी असलेले. जाड ग्लोव्हजमध्ये मनगटाचं काही कळत नाही.

जॅब_क्रॉस
झाल्या अटी सुरू.