तिजोरीच्या इलेक्ट्रॉनिक कुलपाची मूठ : रचनेसाठी मदत हवी आहे

नमस्कार. भोसरीतील आमच्या लहान कारखान्यात घरगुती तिजोऱ्या तयार होतात आणि इलेक्ट्रॉनिक कुलपासोबतच्या मुठीची रचना आम्ही नव्याने करीत आहोत.

सोलेनॉइडचे (वीज मिळताच चुंबकाने बारीक पिन सरकवणारे) कुलूप दाराचे बोल्ट, म्हणजे अडसर, स्वतः ओढत नाही, ते केवळ मुठीने बोल्ट ओढणारी यंत्रणा अडवते किंवा मोकळी करते. त्यामुळे मुठीवर लांब पाइप चढवून ती जबरदस्तीने फिरवल्यास सारा जोर सोलेनॉइडच्या बारीक पिनेवर येतो. म्हणजे मूठ आणि तिचा दांडा जितका भक्कम, तितका हा धोका मोठा (ग्राहकाला मात्र हे पटत नाही, त्याला जड मूठच हवी असते). दांड्याला खाच पाडून तो ठरावीक टॉर्कला (फिरवण्याच्या जोराला) तुटू देणे स्वस्त पडते, पण मग मालकालाही तिजोरी उघडता येत नाही. म्हणून स्प्रिंगच्या दाबावर चालणारा, जास्त जोर लागताच घसरणारा क्लच मला अधिक योग्य वाटतो.

अडचण अशी आहे की कोकणातील दमट, खारट हवेत क्लचच्या चकत्या गंजल्या किंवा ग्रीस घट्ट झाले, तर घसरण्याचा टॉर्क बदलेल. चकत्यांसाठी ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील घ्यावे की पितळ, आणि हा टॉर्क पिनेच्या सहनशक्तीच्या किती टक्क्यांवर ठेवावा? तसेच मूठ तोडल्यावर दांड्याच्या छिद्रातून तार घालून पिनेपर्यंत पोहोचता येऊ नये, यासाठी आत कठीण पोलादाची पट्टी पुरेशी ठरेल, की दांडाच कुलपापासून दूर सरकवावा?

प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.