शब्दचर्चा : 'उडती तबकडी', 'अज्ञात उडती वस्तू' आणि लष्करी नोंदी

पाचोरेकर : पुरवणीसाठी आलेला एक लेख तपासतोय. विषय आहे लष्करी वैमानिकांना आकाशात दिसलेल्या गोष्टी. लेखकाने 'उडती तबकडी', 'अज्ञात उडती वस्तू' आणि 'परग्रहावरचं यान' हे तिन्ही शब्द एकाच परिच्छेदात एकमेकांच्या जागी वापरलेत. काय ठेवू? आणि 'यूएफओ'च्या जागी अमेरिकी सरकार हल्ली वापरतं त्या 'यूएपी'ला मराठीत काय म्हणायचं?

अमळनेरचे आबा : 'यान' आधी काढा. यान म्हटलं की कुणीतरी ते बनवलं, कुणीतरी चालवतंय, हे गृहीत धरलं.

'तबकडी' ठेवा, पण जुन्या बातम्यांपुरती. 24 जून 1947 ला अमेरिकेत माउंट रेनियरजवळ केनेथ अर्नोल्ड या खासगी वैमानिकाला नऊ चकचकीत वस्तू दिसल्या. बशी पाण्यावर फेकली की टप्पे घेत जाते तशी त्यांची चाल होती, असं त्याने सांगितलं. वर्णन चालीचं होतं, वर्तमानपत्रांनी ते आकाराला चिकटवलं आणि 'फ्लाइंग सॉसर', म्हणजे आपली 'उडती तबकडी', हे नाव पडलं. मग लोकांनाही बशाच दिसू लागल्या.

साक्री : 'अज्ञात'बद्दल माझा आक्षेप. आपल्याकडे 'अज्ञात शक्ती' म्हणतात तशी त्याला गूढाची झाक येते. त्यापेक्षा 'अनोळखी' बरा. 'अनोळखी इसमाचा मृतदेह' अशी बातमी वाचून तो इसम मंगळावरून आला असं कुणी समजत नाही. ओळख पटलेली नाही, एवढंच कळतं. अशा नोंदी तपासणाऱ्या अमेरिकी हवाई दलाच्या 'प्रोजेक्ट ब्लू बुक'च्या आकड्यांतही हाच अर्थ आहे. 1969 ला प्रकल्प बंद झाला तेव्हा एकूण 12,618 नोंदी होत्या आणि त्यांतल्या 701 ची ओळख पटली नव्हती.

भुसावळ-यार्ड : माझी तक्रार 'उडती' आणि 'वस्तू' या दोन्हींवर आहे. 2012-13 मध्ये लडाखमध्ये पँगाँग सरोवराच्या बाजूला आपल्या जवानांनी सहा महिन्यांत 329 वेळा अनोळखी दिवे नोंदवले. संशय चिनी ड्रोनचा होता. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या खगोलज्ञांनी पाहिलं तर ते निघाले गुरू आणि शुक्र. 4,200 मीटरच्या वर विरळ, स्वच्छ हवेत ग्रह भलतेच तेजस्वी दिसतात. वस्तू होती, पण उडत नव्हती.

उलट अमेरिकी नौदलाच्या विमानातून घेतलेल्या 'गिंबल' नावाच्या चित्रफितीत जे गरगर फिरताना दिसतं, ती बहुधा वस्तूच नाही. लांबच्या विमानाच्या इंजिनाची उष्णता अवरक्त कॅमेऱ्यात पसरट झळाळीसारखी उमटते आणि लक्ष्याचा माग ठेवताना कॅमेऱ्याचा डोळा स्वतःभोवती वळला की झळाळीही वळते. हे स्पष्टीकरण सगळ्यांना मान्य नाही, पण मला तरी पटतं.

म्हणून 'घटना' म्हणा. अमेरिकी कायद्यातही डिसेंबर 2022 मध्ये 'यूएपी'तल्या 'ए'चा अर्थ 'हवाई' ऐवजी 'विसंगत' असा केला. मराठीत 'अनोळखी विसंगत घटना' चालेल.

पाचोरेकर : लेखात 'प्रचंड वेगाने समुद्रावरून गेली' असंही आहे, अमेरिकी नौदलाच्याच 'गोफास्ट' या दुसऱ्या चित्रफितीबद्दल.

भुसावळ-यार्ड : भाऊ, तिथे 'वेगाने जाताना भासली' लिहा. गणित पडद्यावरच्याच आकड्यांतून निघतं. विमान 25,000 फुटांवर, कॅमेरा सुमारे 26 अंश खाली रोखलेला, अंतर सुमारे 4.4 सागरी मैल, म्हणजे 8.15 किलोमीटर. त्याला 26 अंशांच्या साइनने (0.438) गुणलं की वस्तू विमानाच्या 3.57 किलोमीटर खाली येते, म्हणजे साधारण 11,700 फूट. मग ती समुद्रालगत नसून 13,000 फुटांच्या आसपास आहे. मागचं पाणी सरकतं ते विमान स्वतः पळतंय म्हणून. धावत्या रेल्वेतून जवळचा खांब मागच्या डोंगरावरून पळताना दिसतो, तसंच. याला आपला शब्द आहे 'पराशय'. नासाच्या गटाने 2023 मध्ये तिचा वेग काढला तो ताशी सुमारे 40 मैल. वाऱ्यावरचा फुगाही एवढा जातो.

साक्री : क्रियापदंही बघा. 'आढळली' म्हणजे शोधल्यावर सापडली. इंफाळला 19 नोव्हेंबर 2023 ला विमानतळावरून काहीतरी दिसलं, हवाई दलाने यंत्रणा हलवली आणि नंतर ती छोटी वस्तू दिसली नाही असं कळवलं. तिथे 'दिसली' हेच बरोबर. 'रडारवर दिसली', 'कॅमेऱ्याने टिपली', 'डोळ्यांनी पाहिली' ही तीन वेगळी साक्षीदारं आहेत.

नंदुरबारची ताई : आपल्या वाचकांसाठी चौकट टाका. 2 एप्रिल 2022 च्या संध्याकाळी महाराष्ट्राच्या आकाशातून जळते तुकडे गेले, तेव्हा गावोगाव 'आभायमा काय शे ते?' (आकाशात काय आहे ते?) सुरू झालं आणि बऱ्याच जणांनी 'उल्कापात' म्हटलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष होते; चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यात धातूची मोठी कडी पडली. उल्का बहुतेकदा एक-दोन सेकंदांत विझते. रॉकेटचा तुकडा जवळजवळ आडवा, सावकाश, मिनिटभरही जातो. म्हणून 'किती वेळ दिसलं' हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न दिशा आणि उंचीचा. हात पूर्ण लांब करून मूठ धरा, ती साधारण 10 अंश. करंगळी 1 अंश. विजेच्या खांबाच्या किंवा छपराच्या टोकाशी धरून पाच-पाच मिनिटांनी मोजा. तासात दीड मूठ सरकलं तर तारा किंवा ग्रह. मध्यरात्री दिसलं तर शुक्र नव्हे, तो सूर्यापासून 47 अंशांपलीकडे कधी जात नाही. पाच-सहा मिनिटांत आकाश पार केलं, लुकलुकलं नाही आणि मध्येच विझलं तर उपग्रह. तो पृथ्वीच्या सावलीत शिरतो.

आणि मोबाइलवर झूम करून 'गोल तबकडी' दाखवणाऱ्यांना सांगा, फोकस चुकला की कुठलाही ठिपका तबकडीच होतो. झूम न करता, खाली घराची कड येईल असा फोटो घ्या.

पाचोरेकर : ताई, चौकट घेतो. 'झळाळी' आणि 'चकाकी' यांत फरक करायचा का?

अमळनेरचे आबा : करायचा. चकाकी पृष्ठभागाची, भांड्याची, पाण्याची. कॅमेऱ्यात पसरते ती झळाळी.