एकच जास्तीचं घर भाड्याने दिलेल्यांनो, तुमचे अनुभव लिहा

घरमालक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत पहिल्या तारखेला दारात उभा राहणारा माणूस येतो. आमच्याकडे तसलं काही नाही. एक जास्तीचं घर आहे, त्याचा अर्धा हप्ता भाड्यातून जातो आणि अर्धा माझ्या पगारातून.

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला फोन. "दादा, गीझरमधून आवाज येतोय."
"कसला?"
"कुणीतरी रडल्यासारखा."

बटण बंद करा म्हणालो, फोन ठेवला आणि मग मलाच झोप लागेना. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून गेलो. कॉइलवर क्षारांचा जाड थर बसला होता. थरात अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि ती सुटताना असे आवाज येतात, असं मेकॅनिकने सांगितलं. साफ करायला त्याला तासभर लागला, माझा मात्र सगळा दिवस गेला. दहा-वीस घरांच्या मालकांकडे माणसं असतात, आपल्याकडे आपणच. म्हणून एक-दोन घरंवाल्यांनी लिहा. भाडेकरूंनीही लिहा, शिव्या मात्र मापात.

*

मला गीझरचं काही वाटत नाही, मला भाडं मागायची लाज वाटते. हसू नका. आठ तारीख उलटली की मी मेसेज लिहायला घेते. "नमस्कार, सहज आठवण करत होते..." मग 'सहज' खोडते, कारण त्यात सहज काहीच नसतं. मग नुसतं 'नमस्कार' उरतं, ते धमकीसारखं वाटतं. शेवटी नवऱ्याला म्हणते तू पाठव, तो म्हणतो घर तुझ्या नावावर आहे.

असं वर्षभर चाललं. एकदा बोलता बोलता कळलं की त्या मुलाचा पगार सात तारखेला होतो आणि आमच्या करारात भाड्याची तारीख होती एक. दर महिन्याला तो बिचारा आधीच 'उशिरा' असायचा. करार नवा करताना दहा तारीख घातली. तेव्हापासून एकदाही मेसेज लिहावा लागलेला नाही. एवढं साधं विचारायला मला वर्ष लागलं.

*

ओलीबद्दल लिहितो, जरा लांबेल.

भाडेकरू वहिनींनी फोटो पाठवला: बेडरूमच्या कोपऱ्यात कपाटामागे काळे ठिपके, वरचा रंग फुगलेला. मला वाटलं वरच्या घरातून गळतंय. वरचे काका म्हणाले आमची मोरी कोरडी ठणठणीत आहे, येऊन बघा. बघितली, खरंच कोरडी होती. तोवर मी त्यांना बरंच बोलून बसलो होतो. इकडे मी रंगाऱ्याकडून कोपरा खरवडून घेतला आणि वर 'वॉटरप्रूफ' रंग मारून घेतला. चार महिन्यांत पुन्हा तेच, शिवाय आता पोपडे.

मग एका जुन्या गवंड्याने युक्ती सांगितली. भिंतीवर पारदर्शक प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि दोन दिवस तसाच ठेवायचा. थेंब प्लास्टिकच्या खोलीकडच्या बाजूला जमले तर ती खोलीतलीच दमट हवा, गार भिंतीवर पाणी होऊन बसतेय. थेंब मागे, भिंतीच्या बाजूला असले तर पाणी भिंतीतून येतंय. मी दोन तुकडे लावले, एक कपाटामागे आणि एक खिडकीखाली. कपाटामागचा बाहेरून ओला झाला, खिडकीखालचा आतून. म्हणजे दुखणी दोन, आणि मी वर्षभर तिसऱ्याच दुखण्याचं औषध करत होतो.

खिडकीच्या चौकटीची भेग बाहेरून बुजवली. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलं. कपडे आत वाळत घातले की खिडकी उघडी ठेवा, असं वहिनींना सांगायचं होतं, पण कोणी आपल्या घरात कपडे कुठे वाळत घालावेत हे मी कसं सांगू? घर माझं, पण राहतात त्या. शेवटी बायकोने सांगितलं आणि त्यांनी ऐकलंही. नंतर भिंत पूर्ण सुकेपर्यंत रंगाला हात लावला नाही. ओल्या भिंतीवर भारी रंग मारला तरी तो सुटतोच, हे मी पैसे मोजून शिकलोय.

आणि हो, वरच्या काकांची माफी मागितली. ते अजून जिन्यात घड्याळाकडे बघत जातात.

*

चावी. फक्त चावी. तीन दिल्या होत्या, परत आल्या दोन. तिसरी कुठे विचारलं तर "कामवाल्या मावशींकडे असेल", आणि त्या काम सोडून गेलेल्या. आता दर भाडेकरूमागे कुलपाचा आतला भाग बदलतो, खर्च माझा. नव्या माणसाला पहिल्या रात्री शांत झोप लागावी.

*

माझा अनुभव म्हणजे माझा मूर्खपणा. चांगले भाडेकरू होते, वेळेवर पैसे, कटकट नाही. करार संपताना मी पाच टक्के वाढ मागितली. त्यांनी दोन म्हटलं. मी अडून बसलो, ते गेले. घर एक महिना रिकामं राहिलं, मग पाच टक्के जास्त देणारे मिळाले आणि मी खूश.

भावाने कागदावर लिहून दाखवलं. बारा महिन्यांत अकराच महिने भाडं, तेही 1.05 पट: 11.55. जुन्यांना तसंच ठेवलं असतं तर 12. रिकामा महिना नुसता भरून निघायलाच 20 महिने, आणि जुन्यांची दोन टक्के वाढ धरली तर 34. दलाली आणि रंगाचा खर्च यात नाही. मधल्या काळात बंद घरात वासही सुटला होता. नाहाणीच्या जाळीखाली जे पाणी साचून असतं, तेच गटाराचा वास अडवतं; वापर नसला की ते सुकतं. दर आठवड्याला जाऊन तांब्याभर पाणी ओतायचं, बस. हे मला नवीन भाडेकरूच्या आईने सांगितलं, नाकाला पदर लावून.

*

मी दोन्ही बाजूंनी आहे: एका घरात भाडेकरू, दुसऱ्या गावातल्या घराची मालकीण. त्यामुळे डिपॉझिटवरून चालणारी रडारड मला पटत नाही. चार वर्षं राहिलेल्या माणसाकडून पूर्ण रंगाचे पैसे कापायचे? रंग पाच वर्षं टिकतो असं धरलं तर चार वर्षांचा तो वापरलाय आणि त्याचं भाडंही दिलंय. फार तर पाचवा हिस्सा मागा, तोही भिंतीवर खरंच काही उद्योग केले असतील तर. खिळ्याची भोकं आणि दाराशी मळलेली पट्टी हे राहण्याचे डाग. जळलेला ओटा, फुटलेलं बेसिन हे नुकसान.

मी राहायला येताना आणि सोडताना दोघांनी मिळून घरभर व्हिडिओ काढते, वीजमीटरच्या आकड्यासकट. माझ्या घरमालकांनी मात्र मी सोडलेल्या आधीच्या घरी पडद्याच्या दांडीवरून डिपॉझिट दोन महिने अडकवलं होतं. दांडी माझी होती.

*

वर गीझरच्या फोनला वैतागलेले दादा, माझं ऐका. माझ्याकडे आठ वर्षं एक सर राहिले. कधी फोन नाही. मी सगळ्यांना सांगायचो, भाडेकरू असावा तर असा, आणि त्या कौतुकापायी कधी फिरकलोही नाही. भाडंही एकदाच वाढवलं.

ते निवृत्त होऊन गेले तेव्हा घर ताब्यात घेतलं. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचं दार उघडलं तर आत बादली. पाइपाच्या जोडातून थेंब थेंब गळत होतं. सर रोज सकाळी बादली ओतायचे, पुन्हा ठेवायचे. किती दिवस? "दोनेक वर्षं असेल," म्हणाले. "तुम्हाला कशाला त्रास!" कपाटाचा तळ बोट लावलं की आत जात होता आणि मागच्या भिंतीतलं पाणी पलीकडच्या खोलीत उतरलं होतं. पाइपात एक रबरी चकती बदलायची होती, बस.

मला त्यांच्यावर रागवताही येईना. आठ वर्षांत मीच एकदाही विचारलं नव्हतं. आता दर सहा महिन्यांनी, आधी दिवस ठरवून, जाऊन येतो: नळ, सिंकखालची जागा, फ्लशची टाकी. टाकीत थोडा रंग टाकून अर्धा तास थांबायचं. फ्लश न करता भांड्यात रंग उतरला तर आतली रबरी झडप गेली. मुख्य वॉल्व्हही एकदा बंद-चालू करून बघतो, नाहीतर नेमका गरजेला जाम निघतो.

सरांची बादली अजून तिथेच आहे. निळी, एका बाजूने कान तुटलेली. नव्या भाडेकरूने विचारलं, ही टाकू का? नको म्हणालो.