उत्तर: ओबामांनी फौजेची रसद तोडली का?

प्रेषक: अण्णा
शनिवार, ४ ऑक्टोबर २००८

मंडळी,
अमेरिकेच्या निवडणुकीतली गुरुवारची उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची, बायडन आणि पेलिनबाईंची चर्चा बहुतेकांनी पाहिली असेल. मॅकेन यांच्या जोडीने उभ्या असलेल्या पेलिनबाईंच्या बाकीच्या बोलण्यात मी शिरत नाही, पण एक मुद्दा त्यांनी रास्त मांडला. गेल्या वर्षी मे महिन्यात ओबामांनी सिनेटमध्ये इराकमधल्या फौजेच्या पैशाविरुद्ध मत दिलं. त्यांच्याच शेजारी आज उभे असलेले बायडन यांनी त्या दिवशी बाजूने मत दिलं होतं. युद्ध चूक की बरोबर हा वाद वेगळा. एकदा पोरं रणात उतरवली की त्यांची रसद तोडायची नसते. ती तुटली की काय होतं ते आपल्या मराठा पलटणींनी पहिल्या महायुद्धात, इंग्रजांच्या बाजूने लढताना, याच इराकात, कुतच्या वेढ्यात भोगलंय. घोडे मारून खायची पाळी आली आणि शेवटी शरणागती. मी मॅकेन यांना मत देणार ते मुख्यतः याच कारणासाठी.
अण्णा

प्रेषक: ताई
शनिवार, ४ ऑक्टोबर २००८

अण्णा, सप्रेम नमस्कार.

कुतचा विषय तुम्ही काढलात, तर तिथूनच सुरू करते. एप्रिल १९१६ मध्ये शरण गेली ती सहावी पूना डिव्हिजन. ती बगदादकडे पुढे रेटली गेली तेव्हा नदीतून माल नेणाऱ्या बोटी पुरेशा नव्हत्या आणि जखमींची सोय तर त्याहून वाईट होती. खुद्द सेनापती टाउनशेंडला त्या चढाईबद्दल शंका होती, तरी हुकूम आला. पुढे चौकशी आयोग बसला आणि १९१७ मध्ये ब्रिटिश सरकारातले भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेन यांनी राजीनामा दिला. पार्लमेंटात कुणी पैशाविरुद्ध मत दिलं म्हणून ती माणसं उपाशी राहिली नव्हती. न झेपणारी मोहीम वेळेवर कुणी थांबवली नाही, म्हणून राहिली. तुमचाच दाखला मला ओबामांच्या बाजूचा वाटतो.

आता २००७. जानेवारीत बुश यांनी वीस हजारांहून जास्त सैनिक आणखी पाठवायचं जाहीर केलं. एप्रिलअखेर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, सुमारे १२४ अब्ज डॉलरचं विधेयक मंजूर केलं. त्यात फौजेचा पैसा होता आणि सोबत एक अट होती: १ ऑक्टोबरपर्यंत माघारीला सुरुवात करा. ओबामांनी त्याला होकार दिला. मॅकेन यांनी विरोध केला. १ मे रोजी बुश यांनी नकाराधिकार वापरला. तारीख गाळलेलं दुसरं विधेयक २४ मे रोजी आलं, ते सिनेटमध्ये ८० विरुद्ध १४ मतांनी मंजूर झालं. त्या १४ मध्ये ओबामा होते, हिलरी क्लिंटन होत्या, टेड केनेडी होते. म्हणजे त्या वसंतात पैसे ओबामा आणि मॅकेन दोघांनाही द्यायचे होते. एकाला तारखेसकट, दुसऱ्याला तारखेशिवाय. मग ‘फौजेचा पैसा नाकारला’ हा ठपका एकावरच का?

आपल्याकडे लोकसभेत कपात सूचना येते ती तुम्ही माझ्यापेक्षा जास्त वेळा ऐकली असेल. मागणीची रक्कम एक रुपयावर आणा, असं विरोधी खासदार म्हणतो. संरक्षण खात्यावर तशी सूचना आली म्हणून तो जवानांच्या पोटावर उठला, असं कुणी म्हणत नाही. धोरण मान्य नाही हे सांगायची ती रीत आहे. इथे अमेरिकेत तर रीतच नव्हे, घटनेनेच ते काम सोपवलंय. सैन्यासाठीचा पैसा एका वेळी दोन वर्षांपेक्षा जास्त काळासाठी मंजूर करायचा नाही, असं पहिल्याच अनुच्छेदात लिहून ठेवलंय. फौज एकदा पाठवली की सरकारला पुन्हा पुन्हा लोकप्रतिनिधींच्या दारात यावं लागावं, म्हणून. दर वेळी निमूट मान डोलावायची असेल तर ते कलम हवं कशाला?

बायडन यांचं म्हणाल तर त्यांचं कारण मला पटतं. फौजेच्या हमव्ही या जीपसारख्या गाडीचा तळ सपाट असतो; रस्त्यात पुरलेला बाँब फुटला की सगळा दणका थेट आत. अशा बाँबपासून बचावासाठी बनवलेल्या एमरॅप गाडीचा तळ होडीसारखा निमुळता, त्यामुळे स्फोटाचा जोर दोन्ही बाजूंना फाकतो. त्या गाड्यांच्या पैशाला उशीर नको म्हणून त्यांनी २४ मेच्या विधेयकाला होकार दिला. प्रामाणिक मत होतं ते. पण त्याच मे महिन्यात शंभरावर अमेरिकन सैनिक गेले, आणि ‘या पोरांना तिथे किती दिवस ठेवणार’ हा प्रश्न गाडी कितीही चांगली असली तरी सुटत नव्हता. तो विचारणारंही कुणी हवं होतं.
ताई

प्रेषक: कार्यवाह
रविवार, ५ ऑक्टोबर २००८

नमस्कार. चर्चा चालू द्या, फक्त एक आठवण. मंडळ करमुक्त संस्था आहे, मंडळाच्या नावाने कुणाही उमेदवाराचा प्रचार करता येत नाही. लिहाल ते स्वतःच्या नावाने. कोजागिरीची नोंदणी राहिली असेल त्यांनी वेगळा मेल पाठवावा.

प्रेषक: अण्णा
रविवार, ५ ऑक्टोबर २००८

ताई, कुतबद्दलचं मान्य. पण विधेयक मंजूर होणार हे त्या १४ जणांना ठाऊक होतं. विरोध करायला काय जातंय? १४ च्या जागी ५१, म्हणजे बहुमत, असते तर? तेव्हा फौजेचं काय झालं असतं ते सांगा.
अण्णा

प्रेषक: ताई
रविवार, ५ ऑक्टोबर २००८

अण्णा, हाच खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर त्याच महिन्यात सापडतं. १ मे रोजी बुश यांनी पैसे परत पाठवले. पुढचं विधेयक सहीला पोचलं २५ मे रोजी. मधल्या तीन आठवड्यांत एकाही छावणीतली चूल विझली नाही, कारण पेंटॅगॉनला एका खात्यातला पैसा दुसरीकडे वळवता येतो. शिवाय अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळातला, १८६१ चा एक कायदा अजून लागू आहे. काँग्रेसने पैसा मंजूर केला नसला तरी अन्न, कपडे, इंधन, औषधं यांची खरेदी लष्कराला त्यानुसार करता येते. ५१ असते तर विधेयक पडलं असतं, दोन्ही बाजू पुन्हा बोलायला बसल्या असत्या आणि तारखेवर तडजोड करणं बुश यांना भाग पडलं असतं.

राहिलं ‘विरोध करायला काय जातंय’ हे. अध्यक्षपदाला उभं राहणाऱ्या माणसाचं खूप काही जातं. दीड वर्षाने टीव्हीवर देशासमोर तेच मत तोंडावर फेकलं जाणार हे ओबामांना त्या दिवशीही कळत होतं, आणि गुरुवारी तसंच झालं. २००५-०६ मध्ये त्यांनी याच युद्धाच्या पैशाला होकार दिला होता, म्हणून ‘बदलला’ असंही म्हणतात. बदलला, कारण सैन्य कमी करण्याऐवजी वाढवायचं ठरलं. आणि ज्या तारखेपायी बुश यांनी विधेयक परत पाठवलं, त्या तारखेबद्दल त्यांचंच सरकार या उन्हाळ्यापासून बगदादशी बोलणी करतंय.

करांसाठी, अनुभवासाठी मॅकेन यांना मत द्या, माझी काही हरकत नाही. पण या एका मताचा दोष ओबामांवर ठेवू नका.
ताई