पुण्यात पदपथासाठी निधी कोणत्या वाटेने मागावा?

प्रश्न:
आमच्या सोसायटीपासून शाळेपर्यंतच्या रस्त्याला एका बाजूला पदपथच नाही आणि दुसऱ्या बाजूचा पदपथ मध्येच संपतो, त्यामुळे लहान मुलांना व ज्येष्ठांना वाहनांमधूनच चालावे लागते. महापालिकेच्या अंदाजपत्रकात नागरिकांच्या सूचनांसाठी तरतूद असते असे ऐकले आहे. तिथे अर्ज करावा की आमदार-खासदार निधीसाठी पाठपुरावा करावा?

पहिला प्रतिसाद:
पुणे महापालिकेने 2006 मध्ये सहभागी अंदाजपत्रक सुरू केले. आपले काम सुचवणारा अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यावा लागतो आणि एका कामासाठी साधारण 5 लाख रुपयांची मर्यादा असते. खचलेले पेव्हर ब्लॉक, तुटलेले कर्बस्टोन (पदपथाच्या कडेचे दगड) किंवा तुटक पदपथाचा एखादा छोटा टप्पा यांसाठी ही वाट योग्य आहे. खासदारांना स्थानिक क्षेत्र विकासासाठी वर्षाला 5 कोटी रुपये मिळतात, पण तो निधी संपूर्ण मतदारसंघासाठी असल्याने त्यावरच विसंबून राहू नये. संपूर्ण रस्त्याची मागणी पथ विभागाकडेच करावी, कारण सार्वजनिक रस्त्यांची देखभाल हे महापालिकेचे बंधनकारक कर्तव्य आहे आणि त्यासाठी कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचे कारण नाही. अर्ज दिल्यावर पोच अवश्य घ्यावी आणि नंतर त्या निधीचे वर्गीकरण होऊन तो दुसऱ्या कामाकडे वळला नाही ना, हेही पाहावे.

दुसरा प्रतिसाद:
वरील माहिती उपयुक्त आहे. परंतु माझ्या मते निधीच्या आधी आराखडा मागायला हवा. दरवर्षी 5-5 लाखांचे तुकडे जोडत गेल्यास ब्लॉकचे रंग बदलत राहतात, रुंदी मात्र बदलत नाही. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर मोकळी रुंदी हवी, आणि ती मोजताना विजेचे खांब, डीपी (वीज वितरणाच्या पेट्या), झाडांचे आळे व फलक यांनी व्यापलेली जागा वगळायची असते. कर्बची उंचीही 150 मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी, अन्यथा गुडघे दुखणारी माणसे पदपथावर चढतच नाहीत. महापालिकेने 2016 मध्ये स्वतःचे पादचारी धोरण स्वीकारले आहे. अर्जात त्याचा स्पष्ट उल्लेख करावा आणि पूर्वगणनपत्रकाची (कामाच्या बाबी व अंदाजित खर्च दाखवणाऱ्या तक्त्याची) प्रत मागावी. त्यात फक्त ब्लॉक बसवण्याचीच बाब असेल आणि उतार, पावसाळी गटाराची झाकणे व सोसायट्यांच्या प्रवेशद्वारांपाशी पदपथाची सलग पातळी यांचा समावेश नसेल, तर काम मंजूर होण्याआधीच लेखी हरकत घ्यावी. निविदा निघाल्यानंतर हे बदल करून घेणे फार अवघड जाते.

तिसरा प्रतिसाद:
सुरक्षित पदपथ हा राज्यघटनेच्या कलम 21 मधील जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे 2025 मध्ये स्पष्ट केले असून, ते अपंग व्यक्तींनाही वापरता येतील असे असावेत, असेही म्हटले आहे. अर्जात याचा आधार घ्यावा. शाळेच्या मुख्याध्यापकांचे पत्र सोबत जोडल्यास मागणी एका सोसायटीपुरती राहणार नाही.